एका रुपयाची उंची

बारामतीचे रस्ते चांगले आहेत, हे बारामतीवर टीका करायला आलेला वक्ताही नाकारत नाही. फार तर ते बारामतीचेच का चांगले आहेत, एवढंच तो विचारतो. पाटसकडून येणारा तुकोबारायांच्या पालखीचा महामार्ग आता चौपदरी होऊन बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचतो. दुसऱ्या अंगानं भिगवण, पळसदेव, इंदापूर असा पुणे-सोलापूर महामार्ग जातो. साखर कारखान्यांच्या कृपेनं आतले बरेच रस्तेही डांबराचे झाले. आणि नेमक्या याच पट्ट्यात अशा गाड्या वाढल्या आहेत, की त्यांचे टायर पाहून बारामतीच्या तीन हत्ती चौकातल्या हत्तींनी पाय आखडून घ्यावेत. गाडी महिंद्राची थार किंवा तिच्या गोतावळ्यातली. खालून दोन इंच उचललेली. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणारे, नक्षी अशी खोल की तिच्यात हरभरा पेरावा. मागच्या पाटीवर ४१४१ हा आकडा इंग्रजी अंकांत अशा वळणानं काढलेला, की तो ‘दादा’ असाच वाचला जावा. खडकाळ डोंगर चढायला घडवलेला हा टायर वर्षभरात जो सर्वांत अवघड चढ चढतो, तो बहुतेक वेळा मंगल कार्यालयाच्या पार्किंगचा असतो. रस्ता वाईट तिथं चाक मोठं, हा जगाचा रिवाज. आपल्याकडं रस्ता सुधारला तसं चाक वाढलं. यातून निघणारा निष्कर्ष एकच, आणि तोच इथं पुराव्यानिशी मांडायचा आहे: टायरचं माप आपण रस्ता बघून घेत नाही, बघणारा बघून घेतो.

चाकाचा इतिहास या फॅशनच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार नाही. जुन्या लाकडी बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागायचं, ते रुबाबासाठी नव्हे. गाडीवाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे धोंडे. चाक मोठं असलं की लहान खड्ड्यात ते उतरत नाही, वरून निघून जातं, आणि धोंड्यावर चढतानाही बैलांना कमी ओढ बसते. एवढी भूमिती गावच्या सुताराला पाठ होती, आणि तापवून लाल केलेली धाव त्या चाकावर चढवणाऱ्या लोहारालाही. पुढं खडी आली, डांबर आलं, कारखाने उभे राहिले, आणि उसासाठी रबरी टायरची गाडी आली. तिचं चाक लाकडी चाकापुढं अगदीच ठेंगणं, तरी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर कारखान्यांच्या गव्हाणीपर्यंत हंगामच्या हंगाम ऊस त्याच चाकांवरून गेला. त्याच्याही मागं जायचं, तर हा मुलूख भीमथडीचा. एकेकाळी बारामती ज्या तालुक्यात मोडायचं त्याचं नावच भीमथडी होतं, आणि सुपे, इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. इथलं तट्टू अरबी घोड्याशेजारी उभं केलं तर सामान वाहायला आणलेलं वाटावं इतकं बुटकं. पण कडा, काटवन, कोरडा चारा, लांबचा पल्ला, कशालाही ते नाही म्हणत नसे. मराठी फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या, त्यात अशा तट्टांचा वाटा मोठा. त्या तट्टाचे पाय दोन इंचांनी वाढवून घ्यावेत म्हणजे गावात वजन पडेल, असं कुणा शिलेदाराला सुचल्याचं बखरीत दिसत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू, कारण टायरच्या बाबतीत हिशेब टायरवरच लिहिलेला असतो. कडेला २५५/६५ आर १८ असं छापलेलं असतं. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १८ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. थारच्या एका प्रकाराला कंपनीकडून हेच माप येतं. गुणाकार-बेरीज केली की टायरची एकूण उंची भरते ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. चौकात ज्याला आदरानं ‘तेहतीस’ म्हणतात, तो २८५/७० आर १७ घेतला, तर उंची होते ८३१ मिलिमीटर, म्हणजे खरं तर ३३ सुद्धा नाही, पावणेतेहतीसच्याही किंचित खालीच. दोन्हींतला फरक ४२ मिलिमीटर. पण गाडीचा कणा टायरच्या माथ्यावर नसतो, मध्यावर असतो. त्यामुळं ४२ मधले निम्मेच गाडीच्या खाली जमा होतात आणि निम्मे वर मडगार्डात जातात. हाती राहतात २१ मिलिमीटर. सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याची रुंदी जवळपास एवढीच आहे. खर्चाकडं बघावं तर रिम १८ वरून १७ वर आली, म्हणजे डिस्क नव्या. स्टेपनी धरून टायर पाच. सगळं मिळून लाखाच्या पुढं सहज जातं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा न करतासुद्धा लाख रुपये म्हणजे २८ टन ऊस, आणि एकरी ४० टन धरले तर बरोबर २८ गुंठे. आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने पाणी, खत, खुरपणी आणि रात्रीच्या विजेची वाट पाहणं. एवढं सगळं चार चाकांवर चढवल्यावर गाडी एका रुपयानं वर येते.

यावर तज्ज्ञ मंडळी सांगतील, की नुसत्या टायरचा हिशेब काय करता, गाडी उचललीय ना! तर उचलण्याचंही बघू. लिफ्ट किट बसवतात ते स्प्रिंगपाशी. त्यानं चासी आणि बॉडी वर जाते. मागचा ॲक्सल आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियल मात्र चाकांना जोडलेला, तो होता तिथंच राहतो. वाटेतल्या धोंड्याला आधी भेटतो तो हाच गडी, आणि त्याला वर घ्यायचा तर टायर मोठा करणं एवढाच मार्ग. म्हणजे दोन इंच उचललेल्या गाडीत माणसं दोन इंच उंच बसतात, आणि धोंड्याला जो भाग लागायचा तो पूर्वीइतकाच लागतो. पण खरी गंमत यापुढं सुरू होते. गाडी उचलली की टायर आणि मडगार्ड यांच्या मधे पोकळी पडते. टायरवाला त्या फटीत मूठ घालून दाखवतो, आणि ‘शेठ, गाडी उपाशी दिसतीय’ एवढंच बोलून गप्प बसतो. यावर उत्तर नसतं. मोठा टायर येतो. मग पूर्ण स्टिअरिंग वळवलं की तो आत घासतो. घासू नये म्हणून चाक बाहेर घ्यायला स्पेसर घालतात. बाहेर आलेलं चाक चिखल दारावर फेकतं म्हणून रुंद मडगार्ड लावतात. रुंद मडगार्डात टायर पुन्हा लहान दिसतो. मूठ पुन्हा आत जाते. या क्रमात गाडीची गरज कुठं होती ते शोधायला गेलं, तर ती पहिल्या मुठीच्या आधीच संपलेली सापडते. शिवाय घरातली म्हातारी माणसं असतात. नऊवारीतल्या आजींना अशा गाडीत चढवायचं तर एक जण खालून आधार द्यायला, एक जण वरून हात द्यायला आणि एक जण ‘आजी, पाय इथं ठेवा’ सांगायला लागतो. म्हणून मग बाजूला लोखंडी पायरी बसवतात. उचलून मिळवलेली उंची तेवढ्या भागापुरती ती पायरी परत खाली आणते.

मोठ्या टायरचे आणखी काही परिणाम मीटरवर दिसतात, किंवा खरं म्हणजे दिसत नाहीत. टायर सुमारे पाच टक्क्यांनी मोठा झाला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पाच टक्के जास्त अंतर कापते; मीटर मात्र जुन्या टायरच्या हिशेबानं फेरे मोजत राहतो. काटा १०० वर असतो तेव्हा गाडी १०५ नं पळत असते. चौपदरी महामार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे. कॅमेऱ्यानं पावती फाडली की मालक शपथेवर सांगतो, की काटा शंभरच्या पुढं गेलाच नव्हता, आणि तो बिचारा खरंच सांगत असतो. हीच गोष्ट किलोमीटरची. गाडी १०५ फिरते आणि १०० नोंदवते. त्यामुळं ॲव्हरेज पडल्याची तक्रार असते तिच्यातला थोडा भाग नुसता मोजणीचा असतो. बाकीचा खरा असतो, कारण जड टायर दर सिग्नलला नव्यानं फिरवावा लागतो आणि दर ब्रेकला नव्यानं थांबवावा लागतो. खोल नक्षीचा टायर डांबरावर गुणगुणतो तो वेगळाच. पुढं गाडी विकताना मात्र कमी किलोमीटर दाखवणारा मीटर कामाला येतो. या सगळ्या खटाटोपात मालकाच्या पदरात पडणारा व्यावहारिक फायदा एवढाच, आणि तो सरळ मार्गाचा म्हणता येत नाही.

या हिशेबावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मानानं ऐकून घेतला पाहिजे. ‘आमचं शेत काळ्या रानात आहे. पावसाळ्यात वस्तीवर जायचं म्हणजे चिखल. मोठा टायर लागतोच.’ चिखल खरा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची काळी जमीन एकदा भिजली, की चप्पल ठेवून घेते आणि माणूस सोडते. पण ही माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचांमध्ये ती अशी बसते, की दोन फेऱ्यांत कोरा करकरीत टायर गोटा होतो. मग नक्षी तीन मिलिमीटरची होती की पंधराची, याला अर्थ उरत नाही. महिंद्रानं ज्या विलीज जीपपासून गाड्या जोडायला सुरुवात केली, तिचा टायर ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. वरचा रबरबाट कापून खालच्या घट्ट थराला पाय टेकायचा, हे त्याचं तंत्र. रुंद टायर वर तरंगावा म्हणून असतो, आणि त्याची जागा वाळूत किंवा उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरल्यावर पळसदेव, कुंभारगावकडं उघड्या पडणाऱ्या गाळात. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लापशी, असा तो गाळ. तिथं रुंदीचा फायदा होतो, हे कबूल. पण तो फायदा फुकटातही मिळतो. टायर जमिनीला जेवढ्या दाबानं टेकतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. हवा ३२ वरून १८ वर आणली, की आहे तोच टायर पसरतो आणि त्याचा ठसा लांबतो. बाहेर आल्यावर डांबरावर वेग घेण्याआधी ती परत भरायची, एवढंच पथ्य. अडचण तांत्रिक नाही. ज्याची तालुक्यात हवा आहे, त्यानं चारचौघांत ती कमी करायची कशी?

शिवाय रुतलेली गाडी टायरच्या उंचीमुळं निघत नाही, चारही चाकांना ताकद मिळाल्यामुळं निघते. थारचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार जानेवारी २०२३ मध्ये आला. रस्त्यावर वापरायला तो उत्तम आणि चार पैशांनी स्वस्त. पण त्याच गाडीला तेहतीस इंची टायर लावून मालक चिखलात शिरतो, तेव्हा मागची दोन चाकं एकाच जागी विहीर खणत असतात आणि पुढची दोन पाहुण्यासारखी उभी असतात. पुढचा प्रसंग ठरलेला. कुणीतरी शेजारच्या वस्तीवर फोन लावतो. थोड्या वेळानं एक ट्रॅक्टर येतो. त्याला लिफ्ट किट नसतं, पाटीवर दादा नसतो, पुढची चाकं चक्क लहान असतात. मागच्या मोठ्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं, तिरक्या खाचांत मागल्या आठवड्यातलं शेण. ट्रॅक्टरवाला खाली उतरत नाही. ‘भाऊ, हुक कुठंय?’ एवढं विचारतो, दोर लावून घेतो आणि तंबाखू मळता मळता गाडी बाहेर काढतो. या पट्ट्यात मोठ्या चाकाची खरी गरज कुणाला आहे आणि ती कुणी कसलाही गाजावाजा न करता भागवली आहे, याचा याहून सज्जड पुरावा मिळणार नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर तालुक्यात ओढ्यांनी रस्ते गिळले, मे २०२५ मध्ये बारामती-इंदापुरात अवेळी अतोनात पाऊस झाला. मग गाडी उंच नको का? पण कंपनीच्या टायरवरच थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे. मोठ्या टायरनं तिच्यात भर पडणार ती रुपयाभर. उलट वाहत्या पाण्यात दोनेक फूट खोलीलाही गाडी उचलली जाते, आणि हवेनं फुगलेला मोठा टायर तिला तरंगायला मदतच करतो. पुरात उंच गाडीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे ती मालकाला धीर देते. तिसरा आक्षेप गतिरोधकांचा. भारतीय रस्ते परिषदेच्या हिशेबानं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडं तो बांधतात वस्तीवरच्या लोकांच्या मनातल्या रागाच्या मापानं. तरी तो दुप्पट उंच धरला, तर होतो २०० मिलिमीटर, आणि थारच्या पोटाखाली मुळातच २२६ मिलिमीटर मोकळे आहेत. ज्यांच्या पोटाखाली एवढी जागा नव्हती, त्यांचं काय झालं तेही बघावं. भिगवण-बारामती वडाप करणाऱ्या जीप आणि ट्रॅक्स वर्षानुवर्षं रिमोल्ड टायरांवर चालल्या. आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यातून निघालेली ॲपे रिक्षा दहा इंची रिमवर भाजी, शेळ्या, पेंडीची पोती आणि वेळप्रसंगी अख्खं बँडपथक घेऊन वस्तीवस्तीला पोचली. एसटीनंही मुक्कामाची गावं मोठ्या टायरची वाट बघत सोडून दिली नाहीत. ज्या रस्त्यानं ॲपे जाते त्या रस्त्यासाठी तेहतीस इंची टायर लागतो, हे सिद्ध करायची जबाबदारी तेहतीसवाल्यांची आहे.

कायद्याचं म्हणाल, तर तो या बाबतीत अनपेक्षितपणे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिलेली वैशिष्ट्यं परस्पर बदलता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलाला’ हे फार मार्मिक आहे. उचललेली गाडी, टायर, स्पेसर, मडगार्ड आणि पायरी यांची बेरीज करताना एमएच ४२ च्या हद्दीतल्या वकिलांचे दोन हंगाम सुखात जातील. अपघातानंतर विमा कंपनी हीच यादी अधिक बारकाईनं वाचते. पण दंड हा मालकाचा खासगी प्रश्न. दुसऱ्यांचा प्रश्न असा, की गाडी उचलल्यावर दिव्यांचा झोतही उचलला जातो, आणि तो नेमका दूध घालून परतणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत शिरतो. जड टायरमुळं गाडी थांबायला अधिक अंतर घेते, आणि ते अंतर समोरच्याकडून उसनं घेतलेलं असतं.

इथवर आल्यावर समोरचा माणूस शेवटचं आणि सर्वांत भक्कम अस्त्र काढतो: ‘अहो, हौसेला मोल नसतं.’ हा आक्षेप मात्र बिनतोड आहे, आणि तो पहिल्याच वाक्यात काढला असता तर एवढा हिशेब मांडायचं कारण नव्हतं. याच मुलखात बैलगाडा शर्यतीचे शौकीन आहेत. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींच्या बाजूनं निकाल दिल्यावर त्यांनी काय जल्लोष केला! खिल्लार बैलावर ते लाखांनी खर्च करतात, त्याला घरच्या पोरापेक्षा चांगलं खायला घालतात. पण कुणी विचारलं तर ‘नांगरटीला लागतो म्हणून घेतला’ असं ते म्हणत नाहीत. ‘नाद आहे’ असं छाती पुढं काढून सांगतात आणि विषय संपतो. बैलाला शर्यतीच्या घाटात पळवायचं आणि औताला दुसरा जुंपायचा, हा विवेक त्यांच्या नादात आहे. टायरवाल्यांच्या हौसेत तेवढाच कमी पडतो. तिला सतत शेताची, पुराची, गतिरोधकाची साक्ष काढावी लागते. एकदा ‘नाद आहे’ म्हणून मोकळं झालं, की निवडही सोपी होते. नाद करायचा तर त्याचा भुर्दंड स्वतः भरायचा. दिव्यांचा झोत खाली करून घ्यायचा. मीटर दुरुस्त करून घ्यायचा. आणि गाळात, माळावर खेळायला मोकळी जागा शोधायची. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकारांना मात्र त्यातून वगळायचं. नाद नसेल आणि खरंच कामच असेल, तर कंपनीच्याच मापाचा, जरा दणकट नक्षीचा ऑल-टेरेन टायर, हवा मोजायचं यंत्र, छोटा कॉम्प्रेसर आणि चांगला दोर, एवढं पुष्कळ झालं. उरलेले पैसे कुठं घालवायचे ते ठरवण्याआधी विकास सोसायटीत एक चक्कर टाकावी. त्या २८ गुंठ्यांवर आधीच पीककर्ज उचललेलं असण्याची शक्यता, गाडी चिखलात रुतण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी जास्त आहे.